मोहाखालचा मध्यस्थ

मोहफुलं वेचताना तोंड चालू ठेवायचं, हा आमच्या गावचा नियम. माणसाचा आवाज आला की अस्वल लांबूनच वळतं. पण आम्हा दोघी जावांचा होळीपासून अबोला. थोरलीनं पाहुण्यांसमोर माझ्या पुरणपोळीला चामट म्हटलं होतं. त्यामुळे एकाच झाडाखाली, एकमेकींकडे पाठ करून, आम्ही मुकाट्यानं टोपल्या भरत होतो.

फुसफुस ऐकून मान वर केली, तर समोरच अस्वल फुलं खात होतं. त्यानंही आम्हाला तेव्हाच पाहिलं आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं.

मी पळणारच होते. थोरलीनं माझा पदर घट्ट धरला आणि अगदी शांतपणे अस्वलालाच म्हणाली, "अस्वलभाऊ, या बाईले सांगा, पळू नको म्हणा. पाठ दाखवू नको. बोलत बोलत मागं सरक म्हणा."

मी मागं सरकत म्हणाले, "भाऊ, जाऊबाईले विचारा, पोळी चामट होती, तर चार कायले खाल्ल्या?"

"सांगा तिले, चांगली होती म्हणून खाल्ल्या. सारे पाहुणे तिचंच कौतुक करत होते, माझा जीव जळला."

अस्वलानं दोघींचं ऐकून घेतलं, चारी पायांवर आलं आणि झाडीत निघून गेलं.

थोरलीनं अजून पदर सोडला नव्हता. "गेलं मेलं," ती हळहळली. "कणीक कशी भिजवते, ते विचाराचं राहिलं. आता कोणाले विचारू?"

"मले विचारा, जाऊबाई."