सड्यावरची वाट

"इथं सायकल चालवायला चांगली वाट कुठली हो?" नव्या भाडेकरूनं सामान उतरवता उतरवताच विचारलं आणि घरमालक गुरुदासनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मालवणात नवा आलेला माणूस आधी गोड्या पाण्याची विहीर विचारतो, नाहीतर मासळीचा भाव. हा परशुराम नावाचा गृहस्थ वाट विचारत होता. तीही सपाट, कडक आणि माणसांची वर्दळ नसलेली.

"कचेरी खंयची तुमची?" गुरुदासनं विचारलं.

"मला कुठली कचेरी! बदली झाली, आलो," असं म्हणून तो हसला आणि बायकोच्या, सत्यवतीच्या, हातातली पेटी घेऊन खोलीत गेला.

कचेरी नाही आणि बदली मात्र झाली. असा माणूस कोण असतो, हे गुरुदासला कुणी सांगायला नको होतं.

खाई त्याला खवखवे. सड्यावरून, म्हणजे गावामागच्या कातळाच्या माळावरून, पलीकडच्या वाडीला एक पायवाट जायची आणि त्या वाटेला लागून काजूच्या झाडांत गुरुदासची हातभट्टी होती. भट्टीत त्याचा भागीदार शिवा. दारूबंदी लागू झाल्यापासून दोघं जीव मुठीत धरून काजूची दारू काढत होते. तुरुंगाची गुरुदासला तेवढी धास्ती नव्हती. पण त्याची एकुलती एक मुलगी, शेवंती, त्या पलीकडच्या वाडीतच दिलेली होती. बापाच्या हातात बेड्या पडल्या तर सासरी तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यातून तिचे दिवस भरत आलेले. दुसरी खेप म्हणून ती सासरीच होती.

जानकीला, म्हणजे गुरुदासच्या बायकोला, त्याच काळजीनं झोप येत नसे. बाजारापलीकडे सरकारनं नवा दवाखाना बांधला होता, पण नर्स मिळत नाही म्हणून त्याला कुलूप. दारू हुंगायला सरकारकडे माणसं आहेत आणि अडलेल्या बाईला बघायला एक नर्स नाही, असं म्हणून गुरुदास सरकारला मनापासून शिव्या घालायचा.

त्यानं जानकीला बजावलं की भाडेकरणीशी एक अक्षर बोलायचं नाही. बायकांना बोलतं करूनच दारूबंदीचे असले हेर घरातलं काढून घेतात. बिचारी जानकी विहिरीवर सत्यवती दिसली की रिकामी घागर घेऊन माघारी यायची.

परशुरामला गुरुदासनं आधी किनाऱ्यावर धाडलं. तिथं चाक वाळूत रुततं, असं सांगत तो परत आला. मग बंदराचा रस्ता दाखवला. तिथले लोक फार टक लावून बघतात, म्हणून तोही त्याला नको झाला. माणसांच्या नजरेला भिणारा माणूस! गुरुदासचा संशय पक्का होत चालला.

रोज दिवस कलताना परशुराम सायकल हातात धरून निघायचा. सत्यवती सोबत चालत असायची. बायको बरोबर असली की कुणाला शंका येत नाही, हे गुरुदासनं ओळखलं. एकदा तिचं कोपर सोललेलं दिसलं. काजूच्या झाडांत वाकून फिरल्याशिवाय कोपर सोलत नाही. सायकलची सीटही त्या ताडमाड माणसानं अगदी खाली उतरवून ठेवली होती. झुडपाआडून डोकं दिसू नये म्हणून असणार, दुसरं काय?

आणि एके दिवशी परशुरामनं स्वतःच विचारलं, "भाई, सड्यावरून पलीकडच्या वाडीला जाणारी वाट कशी आहे?"

गुरुदासनं घाईघाईनं मान हलवली. "थंय देवचार फिरता," तो म्हणाला. "गावचा माणूस थंय पाय ठेवणा नाय."

भल्याभल्यांना पुरणारी ती भुताची थाप होती. पण परशुरामचा चेहरा उजळला. "म्हणजे कुणीच नसतं तिथं? मग झकासच."

त्या दिवसापासून दोघं रोज सड्याकडे जाऊ लागली. शिवाची भट्टी थंड पडली.

"हो दारूबंदीचोच मनीस," शिवा म्हणाला. "वाटेर काटे टाक. चाक फुटला काय आपसूक परत फिरतलो."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच गुरुदास जुन्या कुंपणाच्या काट्या डोक्यावर घेऊन सड्यावर गेला. जिथं वाट झाडांत अरुंद होते, तिथून भट्टीच्या पुढेपर्यंत त्यानं कळकाच्या बांबूचे काटे पेरले आणि वर सुक्या पानांचा पातेरा सारला. मन हलकं झालं. कुणाला दिसू नये म्हणून तो लांबच्या वाटेनं बाजारात उतरला, जानकीला आवडतात म्हणून चांगले बांगडे घेतले आणि ऊन वर आल्यावर घरी पोचला.

घराला कडी होती. पडवीत परशुराम एकटाच बसला होता. भिंतीशी सायकल नव्हती.

"सायकल खंय?" गुरुदासनं विचारलं.

"सत्यवती घेऊन गेली. तिच्यासाठीच तर आणलीय. नव्या दवाखान्यात नर्स म्हणून बदली झालीय तिची, एक तारखेला रुजू व्हायचंय. वाड्यावाड्यांतून फिरायचं, म्हणून शिकत होती. बाई सायकलवर दिसली की लोक हसतात, तेव्हा म्हटलं, एकांतात शिकू दे." परशुराम उठून जवळ आला. "भाई, मघाशी तुमच्या व्याह्यांची बैलगाडी आली होती. शेवंतीचं मूल आडवं आलंय. वहिनी रडायला लागल्या, ते सत्यवतीनं ऐकलं."

"जानकी खंय गेली?"

"वहिनी गाडीतून गेल्या, मोठ्या रस्त्यानं. गाडीला पोचायला दुपार होईल. तेवढा वेळ मुलीकडे नाही, असं सत्यवती म्हणाली आणि पेटी मागं बांधून एकटीच सायकलवर निघाली."

गुरुदासच्या हातातले बांगडे पडवीत सांडले. "खंयच्या वाटेन?"

परशुरामनं त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"घाबरू नका भाई. ती देवचाराला भीत नाही. सड्यावरूनच गेलीय."