हिरव्या सरदाराची राणी

जेवता जेवता बघायच्या त्या जुन्या काळच्या खेळात भाल्यांची झुंज हिरव्या पोशाखातल्या सरदाराने जिंकली. त्याने घोडा कठड्याशी आणला आणि आपली राणी निवडायचं लाल फूल थेट लोरेनच्या मांडीवर फेकलं. कागदी मुकुट घालून जेवायला बसलेल्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

शेजारी तिचा नवरा रँडल कोंबडीची तंगडी तोडत होता. "जुनी ओळख दिसते," तो मान वर न करताच म्हणाला.

"नाही रे, शपथ. तो रोजच कुणालातरी देत असणार."

"घरी गेल्यावर बोलू."

मागच्या खेपेला असंच घरी गेल्यावर 'बोलणं' झालं, तेव्हा तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या.

खेळ संपल्यावर बाहेरच्या दालनात खेळातले सरदार प्रेक्षकांबरोबर फोटो काढून घेत होते. रँडलनेच तिला पुढे ढकललं. "जा की, उभी राहा तुझ्या सरदाराशेजारी. मी काढतो फोटो."

ती उभी राहिली. ओठांवरचं हसू ढळू न देता पुटपुटली, "मला याच्याबरोबर पाठवू नका. हा मारून टाकेल मला."

सरदार कोवळा, हौशी पोरगा होता. त्याला वाटलं, बाई खेळात रंगल्यात. तो गुडघ्यावर बसला, तलवार उपसली आणि खणखणीत आवाजात गरजला, "ऐका हो ऐका! राणीसाहेबांना घरी जायचं नाही! हा दुष्ट त्यांचा जीव घेणार म्हणतात!"

सगळं दालन खदखदून हसलं. रँडल सगळ्यांत जास्त हसला. मग मोबाइल खिशात टाकून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गर्दीने कौतुकाने दोघांना वाट करून दिली.