दोन पिनांचा अँप्लिफायर

दोन पिनांचा प्लग, अर्थिंगची तिसरी पिनच नाही. जिभेवर पितळेची चव. जुन्या सामानाच्या दुकानाच्या दाराबाहेर काढलेल्या चपला. संध्याकाळी देवळात कार्यक्रम.

दत्तोबांनी माइकसकट माउथऑर्गन ओठांशी धरला आणि ते झटक्यासरशी मागे सरले. ओठांना शॉक बसला होता.

“पायात चपला ठेवा काका, काही होत नाही,” दुकानदार हसला. “एवढ्या स्वस्तात असा आवाज कुठं मिळणार?”

दुसरा परवडणारा नव्हता, आणि अँप्लिफायरविना माउथऑर्गन कुणाला ऐकू जाणार? पण देवळात चपला कशा घालणार?

“आधी कुणाचा होता?”

“होता एका वाजवणाऱ्याचा.” दुकानदार वायर गुंडाळू लागला.

 लाकडी पाटावर उभा राहीन, असं मनाशी म्हणत दत्तोबांनी पैसे दिले.

नवऱ्याचं तेरावं उरकल्यावर एक बाई हा अँप्लिफायर दुकानात फुकट ठेवून गेली होती.