भिंतीतली खळखळ

"आज ही खळखळ थांबली नाही, तर मी बहिणीकडे निघून जाईन," कीथची बायको शेरिल म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार तिने अगदी हळू लावलं. कीथला आपटलेल्या दारापेक्षा हळू लावलेल्या दाराची जास्त धास्ती वाटे.

घर त्याच्या आईचं होतं. इंग्लंडमधल्या ग्रिम्झबीच्या मासळीबंदरावर उभी हयात मासे कापून डोरीनने ते घेतलं होतं. बर्फात हात घालून घालून तिची बोटं केव्हाच मेली होती. गरम काय, गार काय, त्यांना कळत नसे. आता दिसायचंही अंधुक. ती मागच्या खोलीत खुर्चीवर बसून असे, आणि तिची देखभाल करायची म्हणून लेक-सून पुढची मोठी खोली अडवून राहिले होते. बॉयलरचं गरम पाणी सगळ्या घरात फिरून शेवटी डोरीनच्या रेडिएटरला, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी पेटीला, पोचे. पण तिथे जाताना शेरिलच्या उशाच्या भिंतीतून ते असं काही खळखळे, की तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

कीथने हयगय केली नाही. किल्लीने प्रत्येक रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली. हवेबरोबर उडालेल्या काळ्या पाण्याने गालिचा तेवढा खराब झाला, आवाज तसाच. मग पाणी फिरवणाऱ्या पंपाचा वेग कमी केला. आवाज जरा दबला, पण घर गारठलं, आणि शेरिल मुद्दाम कोट चढवून जेवायला बसली. वेग पुन्हा वाढला. खरा उपाय म्हणजे भिंत फोडून आतला पाइप बदलणं. पण शेरिलने त्याच भिंतीला हौसेने फुलाफुलांचा कागद लावून घेतला होता. त्याला कोण हात लावणार?

शेवटी कीथ आईच्या खोलीत आला, वाकला, आणि तिच्या रेडिएटरच्या तळाचा कॉक फिरवत फिरवत पुरता बंद केला.

भिंत गप्प झाली. "थांबली गं बाई एकदाची!" पलीकडून शेरिल ओरडली. तिचा इतका गोड आवाज त्याने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"काय केलंस रे?" आईने विचारलं.

"दुरुस्त केलं. आता आवाज नाही यायचा."

"पण चालू आहे ना? खळखळलं की मला कळायचं, गरम पाणी आलं म्हणून."

"चालू आहे गं."

"गुणाचा रे माझा बाळ."

रात्री त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा तिने कूस बदलली. "त्यांना कुठे काय कळतंय? एक जास्तीचा स्वेटर दे." आणि ती गाढ झोपली. कीथही झोपला, हे सांगायला हवं.

पुढे समुद्रावरून बोचरं वारं सुटलं. एका दुपारी कीथ चहा घेऊन गेला, तर आईने खुर्ची रेडिएटरला भिडवली होती. अंगात स्वेटरवर स्वेटर, दोन्ही तळवे लोखंडावर, आणि दात वाजत होते.

"थंडी काही जात नाही रे," ती म्हणाली. "सांगायचीसुद्धा लाज वाटते. तुम्ही एवढं उबदार ठेवता, आणि मी आपली कुडकुडतेय."

"वय झालं, आई. या वयात होतं असं."

"तेच म्हणते मी. पण हे गरम आहे ना? माझ्या बोटांना मेलं काही समजत नाही."

कीथने हात लावला. लोखंड बर्फ झालं होतं. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. कॉक त्याच्या पायापाशीच होता. तो खाली वाकलाही. तेवढ्यात भिंतीपलीकडे शेरिल झोपेत खोकली.

तो सरळ उभा राहिला.

"हात काढ तिथला," तो म्हणाला. "चटका बसेल."

आईने घाईघाईने हात उचलले आणि काखेत घातले.

"बरं झालं हो सांगितलंस," ती म्हणाली. "मला मेलीला कळलंच नसतं."