नानांचा हातगुण

भाईदासनाना कपाशीला युरिया फेकत आणि मागून सुनंदाबाई त्यावर माती ओढत जात. पीक तरारलं की गाव नानांच्या हातगुणाचं कौतुक करी.

यंदा सुनंदाबाईंचे गुडघे धरले. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नवी सूनले संगे लई जा. माती नही ओढी तर युरिया उन्हमा उडी जाई."

"गुण मना हातमा शे, माती काय करी?" म्हणत नाना एकटेच गेले.

दिवसभर वावरात नाकाला झोंबणारा वास होता. पुढे कपाशी पिवळी पडली.

शेजारची ताईबाई ओट्यावर बसून म्हणाली, "हाऊ सूनना पायगुण शे, अक्का."

नवी सून कामिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. नानांनी मान खाली घातली.



सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मीबी तेच म्हणस, ताईबाई. सूनना पाय यंदा वावरमा पडनाच नही."