सहावा ठोका

"बारावीवाल्यांच्या हातात आपलं अंग देऊ नये," शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या. "त्यांचा जो धडा चालू असेल, तो रोग घरात निघतो. पचनसंस्था आली की घरभर अल्सर!"

तेव्हा वहिनी पोट धरून हसली होती. आता चार दिवस झाले, तिला हसू म्हणून येत नव्हतं.

धडा रक्ताभिसरणाचा होता. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी तिची नणंद घरातल्यांची नाडी मोजत होती. त्या वर्षी घरात तिला सगळे 'बारावी' म्हणूनच हाक मारत.

"वहिनी, हात दे. आणि बोलू नकोस, तू बोललीस की माझा आकडा चुकतो."

"देते, पण लवकर परत कर. भांडी पडलीयेत."

बारावीने मनगट धरलं, घड्याळावर नजर लावली. ओठ हलत होते. मधेच थांबले. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"काय गं?"

"चौऱ्याऐंशी. पण पाच ठोके पडतात आणि सहावा येतच नाही. मग एकदम जोरात येतो."

"तुझंच काहीतरी चुकलं असेल."

"तीनदा मोजलं, वहिनी."

एवढंच असतं तर वहिनीने हसण्यावारी नेलं असतं. पण मग बारावीने दोन वर्षांच्या पिल्लूला मांडीवर घेतलं. त्याचं मनगट इतकं इवलंसं, की तिच्या अंगठ्याखाली पार झाकून गेलं. तो तिची वेणी ओढत होता, आणि ती एरवीसारखी ओरडली नाही.

"शहाऐंशी," ती हळूच म्हणाली. "आणि वहिनी... याचाही सहावा नाही."

"म्हणजे?"

"आनुवंशिक असेल. आईकडून मुलाकडे..." तिने जीभ चावली. "पुस्तकात तसं दिलंय गं. पुस्तकात काय, सगळंच आनुवंशिक असतं."

वहिनीने पिल्लूला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं. आपल्याच रक्तातून आपण पोराला हे दिलं!

तिने पिल्लूची तीनचाकी माळ्यावर टाकली. तो पळायला लागला की ती त्याला उचलून घ्यायची. तो दुपारी झोपला की छातीला कान लावून बसायची. आत नुसती धडधड. पण ती त्याची की आपल्याच कानात घुमणारी, तिला कळायचं नाही. फिरतीवर असलेल्या नवऱ्याला फोनवर ती "सगळं ठीक" म्हणायची आणि फोन ठेवून पदर तोंडात कोंबायची.

रोज सकाळी बारावी दोघांची नाडी मोजून तक्त्यात लिहायची. रोज तेच. बिचारीचा चेहराही उतरला होता. जेवण जात नव्हतं. क्लासवरून आली की दाराच्या चौकटीला टेकून थोडा वेळ नुसती उभी राहायची. आपल्या काळजीने पोरगी वाळली, असं वाटून वहिनीला अजूनच भरून यायचं.

पाचव्या दिवशी तिने धीर केला आणि पिल्लूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आधी त्याला तपासलं, मग तिला. दोघांचेही ईसीजी काढले. लांबलचक पट्ट्या सावकाश पाहिल्या.

"दोघंही ठणठणीत आहात."

"मग हे काय, बाई?" वहिनीने बारावीच्या तक्त्याचा कागद पुढे केला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "याचे शहाऐंशी? मी आत्ता मोजले, एकशे बारा. या वयाला तेवढेच असतात. तुमचे शहात्तर." त्यांचं बोट कागदावरून खाली सरकत गेलं. "आणि इथे रोज दोघांचे जवळजवळ सारखे. चुकलेला ठोकाही तोच. आई-मुलाची नाडी अशी जोडीने चालत नसते. मोजलं कुणी?"

"माझ्या नणंदेने."

"मनगट कसं धरते ती? दाखवा बरं."

वहिनीने पिल्लूचं मनगट अंगठ्याखाली धरून दाखवलं.

बाईंनी कागद खाली ठेवला. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ही पोरगी रोज स्वतःचेच ठोके मोजतेय. कुठे आहे ती आत्ता?"

"कॉलेजात. प्रॅक्टिकलचा दुसरा भाग आहे आज. जिने चढून-उतरून नाडी..."

वहिनीचं वाक्य तिथेच अडलं. तिने बारावीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर भलत्याच मुलीने उचलला.

"हॅलो? फोन माझ्याकडे देऊन गेलीये ती. चौथी फेरी चालूये, मी खाली घड्याळ धरून बसलेय."

"घड्याळ राहू दे, बाळा. आधी वर जा, बघ तिला. पावलं ऐकू येतायत ना तिची?"

पलीकडे त्या मुलीने जिन्यात वर हाक मारलेली ऐकू आली.

"आत्तापर्यंत येत होती."