नाव कुलपात असतं

लाचखोरीच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत खिडकीवरचा कारकून बारा वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगत आला होता, "नाव लिहा. घाबरता कशाला? नाव इथं कुलपात असतं." मागच्या महिन्यात मात्र त्याने साहेबांना फोनवर एका तक्रारदाराचं नाव सांगताना ऐकलं. आणि सांगत कुणाला होते, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्यालाच!

आठ दिवस त्याला घास गोड लागला नाही. शेवटी त्याने साहेबांविरुद्ध तक्रार लिहिली, डाव्या हाताने, आणि खाली नाव न घालता वरच्या समितीला पाठवली. समितीने ती 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' परत साहेबांकडेच धाडली.

साहेबांनी तो कागद शांतपणे त्याच्यापुढे सरकवला. "निनावी आहे. आपला नियम काय?"

"निनावी तक्रारीची चौकशी होत नाही, साहेब."

"मग मारा शिक्का."

शिक्का मारताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खिडकीशी एक शाळेतल्या बाई आल्या. मुख्याध्यापकांविरुद्ध तक्रार होती. "नाव घालायलाच हवं का हो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

साहेब अजून पाठीशी उभे होते. कारकुनाने मान वर केली नाही. "घाला ना. घाबरता कशाला? नाव इथं कुलपात असतं."

"तुमच्या भरवशावर लिहिते हं, दादा," बाई म्हणाल्या, आणि कुणालाही सहज वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरांत त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.